तिसरं बटण

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांनी सीनियरसमोर मान खाली घालून स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभं राहायचं, असा दंडक होता. प्रत्येक उत्तराच्या शेपटाला 'सर' लावायचं. आता इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगच्या हॉलमध्ये दरवर्षी माजी विद्यार्थी जमतात, तेव्हा टक्कल पडलेली माणसंही हा खेळ हौसेने खेळतात. आधी स्वतःची टर उडवायची, मग खरं काय करतो ते सांगायचं.

यंदा मी खेळायला गेलो नव्हतो. माझी नोकरी गेली होती. व्हिसाची मुदत संपायच्या आत दुसरी मिळाली नाही, तर गाशा गुंडाळून परत जावं लागणार होतं, आणि मुलगी अकरावीत. बायकोने शर्टाला इस्त्री करून दिली आणि म्हणाली, "तिथे एवढी मोठमोठी माणसं येतात. लाजू नकोस, माग."

मोठमोठी होतीच. "पतंग उडवतो, सर," म्हणणारा मेकॅनिकलवाला लोकांना विमान चालवायला शिकवतो. गणितात दोनदा गटांगळ्या खाल्लेली एकजण इथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या बोर्डावर निवडून आली आहे. एकीने कोडिंग सोडून पुरणपोळ्यांचं दुकान काढलं, आणि सगळ्यांत खूश तीच दिसत होती. टाळ्या पडत होत्या. खरं सांगतो, मला त्या सगळ्यांचा राग येत होता.

माझी पाळी आली. माईक आमच्या एका सीनियरच्या हातात होता. एका बड्या कंपनीत त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांनी जुन्या थाटात दरडावलं, "बटण! सध्या काय करतोस?"

मी मान खाली घातली. "बेकार आहे, सर. व्हिसा संपतोय, सर. कुणाकडे काम असेल तर द्या, सर."

हॉलभर हशा पिकला. मागून कुणीतरी शिटी मारली.

"मस्त. आता खरं सांग," सर म्हणाले.

तेच खरं होतं, पण सगळे हसत असताना जीभ रेटेना. 'सॉफ्टवेअर' असं काहीतरी पुटपुटून मी खाली बसलो. मीही हसत होतो, याची मला अजून चीड येते.

जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठलं आणि मघाशी थट्टा केली नव्हती, असं सांगितलं. मसालेभाताचा डाव त्यांच्या हातात तसाच राहिला.

"अरे यार. लेऑफ? आधी कळवायचंस ना," ते म्हणाले. "रेझ्युमे पाठव मला, बघतो."

नोकरी गेली त्याच आठवड्यात मी तो त्यांना पाठवला होता, चार ओळी लिहून. आजतागायत उत्तर नव्हतं. हे त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं. पण मागे रांग खोळंबली होती, आणि घरी बायको फोनची वाट बघत होती.

"हो, सर," मी म्हणालो. तेव्हा लक्षात आलं, मी अजून बटणाकडेच बघत होतो.