आदिस अबाबा, नेरूळ, अस्मारा

आमच्या मजल्यावरचे सर इतक्या मोठ्याने बोलत, की त्यांना फोनची गरजच काय, असं वाटावं. नेरूळच्या आमच्या सोसायटीत सगळे त्यांना 'हॅलो सर' म्हणत. तरुणपणी त्यांनी इथिओपियात, अस्मारा शहरात भूगोल शिकवला होता. पुढे तो भाग फुटून एरिट्रिया नावाचा वेगळा देश झाला आणि सरांनी मुलांकडून घोटवून घेतलेला नकाशा चुकीचा ठरला.

जवळच्या सारसोळे गावातली कोळीण मावशी दारावर मासळी आणायची. तिला एकदा सर समजावत होते, "अख्खा किनारा त्यांच्याबरोबर गेला. मागे राहिलेल्या देशाला समुद्रच उरला नाही."

"मंग त्यांनी म्हावरा कुठनं आनायचा?"

"तोच तर प्रश्न आहे!"

"आमची खाडी बुजवली तवा कोन आलता इचारायला?" म्हणत मावशीने टोपली उचलली.

मग त्या दोन देशांत लढाई झाली. फोन बंद, टपाल बंद. सरांची एक विद्यार्थिनी अस्मारात होती, तिचा भाऊ नोकरीसाठी आदिस अबाबात. एकमेकांना फोन लागेना, पण नेरूळला दोघांचाही लागे. बहीण सरांना सांगायची, सर भावाला. कुणाला मुलगी झाली, कुणाचा गुडघा धरला, सगळं आमच्या मजल्यावरून जाई. "मी पोस्टमन आहे, ताई. पाकीट बंदच द्यायचं," असं सर म्हणत. ओरडण्यामुळे आतला मजकूर आम्हा सगळ्यांना पाठ असे, ते वेगळं.

त्या दोघांची आई गेली, तेव्हा सरांनी पहिल्यांदाच दार लावून भावाला फोन केला. मी वरण-भात घेऊन गेले, तर नुसते बसले होते. म्हणाले, "सांगणं अवघड नाही हो. सांगून झाल्यावर फोन कधी ठेवायचा, ते कळत नाही."

वीसेक वर्षांनी देशांचं जुळलं, फोन सुरू झाले. सरांनी पेढे वाटले. "आता दोघं थेट बोलतात!" त्यानंतर त्यांचा फोन वाजेनासा झाला. बायको कधीच गेली होती. परदेशातल्या मुलीचा फोन मोबाइलवर येई आणि लवकर आटपे. सर अधूनमधून रिसीव्हर उचलून टोन आहे ना, ते बघत. मी म्हटलं, "काढून टाका आता हे कनेक्शन."

"राहू दे. ती दोघं नाही भांडायची. पण देशांचं काय सांगावं?"

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मुलीच्या सांगण्यावरून मी घर आवरायला घेतलं. पुस्तकं वाचनालयात दिली, भांडी कामवालीला. फोनची वायर काढायला वाकले, तेवढ्यात तो वाजला. पलीकडे एक बाई जपून इंग्रजी बोलत होती. देशांचं पुन्हा बिनसलं होतं, फोन पुन्हा बंद. भावाचं ऑपरेशन होतं. कसं झालं, तेवढं सर विचारून सांगतील का?

मी सरळ सांगितलं, सर गेले.

तिने फोन ठेवला नाही. मी रिसीव्हर कानाला लावून त्या रिकाम्या खोलीत उभी राहिले. मग म्हटलं, "भावाचा नंबर सांगा." बरंच मोठ्याने म्हटलं असणार, कारण समोरच्या दारातून कुणीतरी डोकावलं.