नातीसाठी कानाला यंत्र लावणारे आबा

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आपल्या सर्वांच्या आबांना, मी प्रथम पाहिलं ते लोणावळ्याला, माझ्या माहेरी. मला पाहायला मंडळी आली होती. बाकीच्यांनी स्वयंपाकाची चौकशी केली. आबांनी एवढंच विचारलं, "हाटेलातली नोकरी सोडायची न्हाई ना, पोरी? सोडू नगंस." माझा होकार तिथंच ठरला.

बेडसे गाव आबांना ओळखतं ते मृदंगासाठी. भजनी मंडळाच्या दोन पिढ्या त्यांच्या ओसरीवर शिकल्या. शिकणाऱ्याचा हात चुकला तर आबा रागावत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून बोल घेतात. त्याविषयी त्यांचे शिष्य या गौरव अंकात लिहितीलच. मला लिहायचं आहे ते सईच्या आजोबांविषयी.

माझी मुलगी सई जन्मापासून कमी ऐकते. हे कळलं तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. तिला यंत्र लावा आणि तिच्याशी सतत बोलत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही दोघं नोकरीवर. सासूबाई स्वयंपाक करताना तिला समोर बसवत आणि ओठ दिसतील अशा बेतानं प्रत्येक जिन्नसाचं नाव घेत. आबा तिचे तळवे मृदंगावर टेकवून वाजवत, तोंडानं बोल म्हणत. एके सकाळी सई म्हणाली, "धा." नंतर काही दिवसांनी "आबा". "आई" त्यानंतर आलं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

पुढं अंगणवाडीत मुलं तिच्या कानाकडं बघून हसली. सईनं यंत्र काढलं ते पुन्हा लावूच देईना. आम्ही समजावलं, रागावलो, रडलोही.

आबांनाही कमी ऐकू येऊ लागलं होतं. पण "मृदंगवाल्याच्या कानात यंतर बघून लोक काय म्हणतील?" असं म्हणून ते विषय टाळत. सईचं हे पाहून त्यांनी एके दिवशी आपणहून यांना, आपल्या मुलाला, सांगितलं, "उद्या मला कानाच्या डाक्टरकडं घिऊन चल."

एकादशीच्या भजनाला आबा यंत्र लावून देवळात बसले. शेजारी सई. मंडळातल्या एकानं विचारलं, "आबा, कानात काय वो?"

"यंतर हाय," आबा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला कमी ऐकू येतंय. माज्या नातीलाबी. आमी दोघंबी लावणार."

हे बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला ठाऊक होतं. सईनं त्यांच्या कानाला बोट लावून पाहिलं. मग माझ्याकडं वळून तिनं हात पुढं केला, "माजं दे." मी पिशवीतून यंत्र काढून तिच्या कानाला लावलं, आणि आबांनी मृदंगावर थाप दिली.

आज सई कामशेतला शाळेत जाते, यंत्र लावून, मान वर करून. आई-बाप असून आम्हाला जे जमलं नाही ते आबांनी स्वतःचा अभिमान बाजूला ठेवून केलं. त्यांचे उपकार फेडावेत असं मला वाटत नाही. त्यांच्या ऋणात राहण्यातच सुख आहे.

हल्ली सईचे प्रश्न संपता संपत नाहीत आणि ते सगळे आबांसाठीच राखलेले असतात. पंचाहत्तरीत पाऊल टाकणाऱ्या आबांना त्या सगळ्यांची उत्तरं द्यायला पुरेल एवढं दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो.