निरंक

पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी माझी वही सगळ्यांसमोर वर धरली. "हे अक्षर कुणाचं?"

मी उभी राहिले. माझंच होतं.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये आमची कातकरी वाडी खाली सतरंजीवर बसली होती आणि गोदामवाले खुर्च्यांवर. मानकोलीकडची गोदामं सरकत सरकत आता दिघाशीपर्यंत आमच्या दारात आली आहेत. त्यांचं सांडपाणी आमच्या पाणवठ्याच्या वरच्या अंगाला नदीत सोडायचं की नाही, याची सुनावणी होती. "आमी त्याच पान्यावर जगतों," असं माझ्या आयनं नुकतंच सांगितलं होतं.

"मग वाच. 'स्थानिक वापर' या रकान्यात काय लिहिलंय?"

"निरंक."

"रोज?"

"रोज."

"निरंक म्हणजे काहीच नाही. इथं नदीचं पाणी कुणी वापरतच नाही. तुमच्याच बाईनं लिहून दिलंय."

खुर्च्यांवर हशा पिकला.

चार वर्षं मी नदीची पातळी लिहिते. पुलाच्या खांबावर पट्टी रंगवलेली आहे. सकाळी आठला ती वाचायची, आकडा वहीत टाकायचा. कातकऱ्याची बाई सरकारी वही लिहिते, याचा मला केवढा तोरा होता. पहिल्या दिवशी याच साहेबांनी मला रकाने समजावले. शेवटच्या रकान्याशी आल्यावर म्हणाले, "इथं निरंक लिहीत जा." मी आश्रमशाळेत सातवी झालेली. शब्द ओळखीचा नव्हता. विचारलं, "साहेब, निरंक म्हंजे?"

गाडीत बसता बसता ते म्हणाले, "म्हणजे सगळं ठीक आहे."

मला वाटलं, निर्मळसारखंच काहीतरी असेल. आमच्या नदीला सरकारनं चांगलं म्हटलं, म्हणून मी तो शब्द वळणदार काढायचे. खाली आय हंडा भरत असायची. पोरं डुंबत असायची. कुणी धुणं आपटायचं, कुणी जाळं लावायचं. आणि मी वर पुलावर उभी राहून लिहायचे, निरंक. मूर्ख मी.

हे सगळं मी हॉलमध्ये सांगितलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "मी कशाला असं सांगेन? सातवी शिकलेली बाई, तिला निरंक कळत नाही?"

पुन्हा हशा. या माणसानं आमच्या झोपडीत बसून याच नदीच्या पाण्याचा चहा दोनदा घेतला होता. कोण पाणी भरतं, कोण मासे धरतं, सगळं त्याला डोळ्यांनी दिसत होतं. त्याला माझं अक्षर हवं होतं, म्हणजे खोटं आमच्याच हातचं ठरतं. त्याच्यावर मी विश्वास ठेवला, याची मला आजही चीड येते.

आय उठून जवळ आली. "बाय, तूच लिवलंस, आमी न्हाय म्हून?"

मला तिच्याकडे बघवेना.

साहेबांनी पेन पुढे केलं. नोंदी खऱ्या आहेत, असं लिहिलेल्या कागदावर माझी सही हवी होती. हळूच म्हणाले, "सही कर आणि मोकळी हो. काम टिकवायचंय ना?"

पेन घेतलं. सही केली नाही. वहीतलं त्या दिवसाचं पान उघडलं, निरंकवर काट मारली आणि रकान्यात लिहायला लागले. पिणं. अंघोळ. धुणं. मासेमारी. भाजीचा मळा. गुरं. रकाना संपला तशी मी समासात शिरले. साहेब म्हणाले, वही सरकारी आहे. मी म्हटलं, "नोंदी मी लिवल्यात. त्या खोट्या हायत."

सुनावणी पुढच्या तारखेवर ढकलली. पाइप मात्र काठाला आणून टाकले आहेत. माझं काम जाणार, हे मला निरोपावरून कळलं आहे. जाऊ दे. पुढच्या तारखेला मी सगळ्यात पुढे बसणार. चार वर्षं मी खोटं लिहिलं, हे सांगणार आणि कुणी लिहायला लावलं, तेही त्याच्या तोंडावर सांगणार. परवानगीवर शिक्का मारायचाच असेल, तर आमच्या वाडीकडे बघून मारा. माझ्या अक्षराआड लपून आता कुणाला तो शिक्का मारता येणार नाही.