बुडालेलं जहाज आणि मीनाक्षीचं उत्तर

मंडळी, आज तंजावूरच्या आमच्या मराठी वर्गात तोंडी परीक्षा घेतली. मुलांना देवनागरी येत नाही, म्हणून जुन्या काळच्या जहाजबुडीची कादंबरी मीच वाचून दाखवली होती.

"जहाज का बुडालं?"

"वादळानं!" सगळे ओरडले.

नऊ वर्षांची मीनाक्षी तमिळमध्ये म्हणाली, "नाही मिस. खडक कुठे आहेत ते कोळ्यांना ठाऊक होतं. कप्तानानं विचारलंच नाही."

तिची आई दारातच होती. हिला मराठी कळत नाही, उद्यापासून पाठवत नाही, हे सांगायला आलेली.

मी आईला म्हटलं, "पुस्तक मराठीत होतं. मग हे तिला कळलं कसं?"

मीनाक्षीला पूर्ण मार्क दिले. मराठी बोलेल ती, सावकाश.

तुमचं मूल बोलतं तेव्हा तुम्ही उत्तर ऐकता, की भाषा तपासता?