आडव्या जाळीचा ट्रॅक्टर

आमच्या सोसायटीत सतरा नंबरच्या पार्किंगमध्ये ट्रॅक्टर उभा असतो. सेक्रेटरीच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद ‘फोर व्हीलर’ अशी आहे, आणि चाकं मोजली तर त्यात चूक काही नाही. मोहने गावाजवळची ही सोसायटी आमच्याच भाताच्या शेतावर उभी राहिलीये, त्यामुळे बाकी कोणी मला बोलत नाही. बोलते ती बायको, सुरेखा. तिला तिथे गाडी हवी आहे.

आमच्या घरात असे ट्रॅक्टर दोन. माझ्या वडिलांनी आणि काकांनी एकाच दिवशी जुन्या बाजारातून आणलेले. एकच कंपनी, एकच लाल रंग, एकच आवाज (म्हणजे शेजारच्या गावात झोपलेलं पोर उठेल असा). कागदपत्रं उल्हास नदीच्या पुरात गेली. वडील गेल्यावर त्यांचा माझ्याकडे आला आणि काकांचा दत्तूदादाकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे. फरक एवढाच, की काकांच्या ट्रॅक्टरचं तोंड डाव्या बाजूला चेपलेलं होतं. त्यावरून मी काकांना आयुष्यभर चिडवलं. काका, ड्रायव्हिंग कोणाकडे शिकलात, म्हणायचो. ते नुसते हसायचे.

मग मला रिटायरमेंट मिळाली आणि मुलाने मोबाइलवर जुन्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपमध्ये टाकलं. तिथे मला ज्ञान झालं. आमच्या मॉडेलच्या दोन खेपा निघालेल्या. पहिल्या खेपेच्या तोंडाला आडव्या पट्ट्यांची जाळी, दुसरीच्या उभ्या पट्ट्यांची. उभीवाले गावोगाव पडलेत, पण आडवीवाला शोधत शौकीन लोक राज्यभर फिरतात आणि चौपट किंमत मोजतात. मी चपला न घालता खाली पार्किंगमध्ये गेलो. माझ्या जाळीच्या पट्ट्या उभ्या होत्या. तसाच दादाकडे गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये, चेपलेल्या तोंडाने, पट्ट्या आडव्या करून काकांचा ट्रॅक्टर उभा होता. सीटवर कोंबडी बसलेली.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? दादाला सांगितलं असतं. मी ओट्यावर बसलो, चहा घेतला आणि आवाज जड करून म्हटलं, “दादा, हल्ली काकांची फार आठवण येते रे. त्यांचा ट्रॅक्टर माझ्याकडे असता तर बरं वाटलं असतं. माझा तू ठेव.”

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस पंगतीत स्वतःच्या पानातला मटणाचा तुकडा दुसऱ्याला वाढणारा. त्याने एका शब्दाने काही विचारलं नाही. वर कोंबडीही घेऊन जा म्हणत होता, कारण तिला त्या सीटची सवय झालेली. ती मी मोठ्या मनाने नाकारली. संध्याकाळपर्यंत अदलाबदल झाली आणि सुरेखा गाड्यांचे रंग बघायला लागली.

घोडबंदर रोडला देवधरसाहेब म्हणून एक शौकीन राहतात. खडवलीला त्यांची वाडी आहे, तिथे जुनी वाहनं जमवून ठेवलीत. फोनवर ते म्हणाले, दोन्ही ट्रॅक्टर शेजारी लावून बघितल्याशिवाय मी बोलत नाही. म्हणून रविवारी मी माझा (म्हणजे काकांचा) ट्रॅक्टर दादाच्या अंगणात नेला. दादाला सांगितलं, एक हौशी साहेब येतायत, नुसते बघतील. साहेब ट्रॅफिकमध्ये तीन तास अडकून आले, तोवर काकी, म्हणजे दादाची आई, दोन्ही ट्रॅक्टरना हार घालून मोकळी झालेली.

साहेबांनी जाळीकडे बघितलंसुद्धा नाही. रॉकेलचा बोळा घेतला, आडवं होऊन दोन्ही इंजिनांच्या कुशी पुसल्या आणि नंबर वाचले. पहिल्या खेपेचा नंबर चार आकडी असतो आणि दुसरीचा पाच आकडी, हे त्यांनी आम्हाला शांतपणे समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचा पाच आकडी आहे. दुर्मीळ ट्रॅक्टर तुमच्या भावाचा. या दोघांची तोंडं कोणीतरी बदललेली आहेत.”

असं कसं होईल, कोण कशाला बदलेल, असं मी जरा चढ्या आवाजात बोललो. तेव्हा खाटेवरून काकी म्हणाली, “अरे, तुज्याच हळदीला ना.”

मग तिने सगळं सांगितलं. आमच्यात एकदा अंगाला हळद लागली की नवऱ्यामुलाने उंबऱ्याबाहेर जायचं नसतं. मी गेलेलो. मित्रांना ऐट दाखवायला, पिवळ्याधमक अंगाने वडिलांचा ट्रॅक्टर काढलेला आणि समाजमंदिराच्या भिंतीवर घातलेला. तो चेपला हे मला आठवत होतं. गॅरेजवाल्याने ठोकून सरळ केला, असं मला सांगितलेलं. प्रत्यक्षात मुलीकडच्यांना कळलं तर अपशकुन म्हणतील या भीतीने, पुढच्या अंगणात पंगत बसलेली असताना मागच्या अंगणात काकांनी स्वतःच्या ट्रॅक्टरचं धड तोंड काढून वडिलांच्या ट्रॅक्टरला लावलं, आणि मी चेपवलेलं तोंड आपल्या ट्रॅक्टरला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या सरळ तोंडाच्या ट्रॅक्टरवर बसून माझी वरात निघाली. म्हणजे आडवी जाळी मुळात आमच्याच ट्रॅक्टरची होती, आणि तो मी स्वतःहून दादाला देऊन बसलो होतो.

“तू चिडवायचास त्यांना,” काकी म्हणाली. “मी म्हणायची सांगून टाका. ते म्हणायचे, राहू दे, पोराचं लग्न झालं ना नीट.”

मला खरंच फार लाज वाटली. पण लाजेच्या शेजारीच चौपट किंमत बसली होती, आणि ती जागची हलेना. मी घसा साफ करून दादाला म्हटलं, की मग आपण आपले ट्रॅक्टर परत बदलून घेतलेले बरे, ज्याचा त्याला.

“वेडा आहेस का?” दादा म्हणाला. “माझ्या बापाच्या आठवणीने तुझा जीव तुटतो म्हणून मागितलास ना तू? तो तुझ्याकडून काढून घेऊ?”

मला एवढंच म्हणायचं होतं की दादा, मी खोटं बोललो. चार शब्द. पण समोर काकी डोळे पुसत बसलेली, आणि मी ट्रॅक्टरवरचा हार सरळ करायला लागलो. देवधरसाहेबांनी मग दादाला त्याच्या ट्रॅक्टरचा भाव सांगितला. दादाने हात जोडले. हा माझ्या चुलत्याचा, म्हणाला, आणि याने माझ्या बापाचा एवढ्या मायेने सांभाळलाय, तर मी याच्या बापाचा विकू? साहेबांनाही गहिवरून आलं. अशी कुटुंबं आता राहिली नाहीत म्हणाले, आणि पुन्हा ट्रॅफिकमध्ये निघून गेले.

त्या दिवसापासून दादा गावात भेटेल त्याला माझी माया सांगत सुटलाय. दर रविवारी काकीला घेऊन येतो. ती पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसते आणि मी दोन तास तिच्यासमोर ट्रॅक्टर पुसतो. वॉचमन मला भाऊ म्हणायचा, तो आता पाया पडतो.

परवा तर मंडळाने काकांच्या स्मृती जपल्याबद्दल माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, सगळं दादाच्या हस्ते. लोक म्हणाले, दोन शब्द बोला. समोर काकी बसलेली, दादा बसलेला. मी काय बोलणार? माईक हातात घेऊन जाहीर करून टाकलं, की मी जिवंत असेपर्यंत हा ट्रॅक्टर त्या पार्किंगमधून हलणार नाही. टाळ्या खूप पडल्या. पहिल्या रांगेत सुरेखा बसलेली, फक्त तिचे हात मांडीवर होते.