मावशींचे पिवळे टोमॅटो

मावशी कपडे शिवायच्या आणि तितक्याच सफाईने भांडायच्या. वस्तीच्या सामाईक बागेत त्यांचा वाफा होता, शेजारचा घड्याळवाल्या काकांचा, आणि दोघांमधून विस्तव जात नव्हता. कारण काय, तर पिवळे टोमॅटो. मावशींच्या यजमानांनी वर्षानुवर्षं सगळ्यात चांगल्या फळाचं बी राखून ते वाण जपलं होतं. यजमान गेले, वाण राहिलं. मावशी फळं वाटत, पण शिजवूनच; बी कुणाच्या हाती लागेल तर शपथ! तरी दरसाल एखादं पिकलं फळ गायब व्हायचंच. चोर म्हणजे काकाच, असं मावशी फाटकात उभ्या राहून साऱ्या वस्तीला ऐकवत. काका कानांवर हात ठेवत.

यंदा थंडी तोंडावर आली तशी बागेत आवराआवर सुरू झाली. कुणी वेल उपटत होतं, कुणी वाफ्यांवर वाळका पाला पसरत होतं. मावशींनी शेवटची पिकली फळं कापली आणि गरासकट बी पाण्याच्या बरणीत घालून स्वयंपाकघरात ठेवलं. ते आंबून वर बुरशी आली की गर सुटतो, मग बी धुऊन वाळवायचं, ही यजमानांची पद्धत. पण हे नव्या सुनेला सांगणार कोण? बियाण्याचा विषय मावशी घरातसुद्धा काढत नसत. बिचारीला वास सहन होईना. तिने बरणी मोरीत ओतली, घासूनपुसून लख्ख केली आणि पालथी घातली.

मावशींनी ती पालथी बरणी पाहिली. सुनेला बोल लावायला त्यांना तोंड नव्हतं, चूक कुणाची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. धावत बागेत गेल्या, तर रात्रीच्या गारठ्याने झाडं काळी पडलेली, उरलीसुरली कच्ची फळंही सडायला लागलेली. नवऱ्याच्या हातचं एवढंच काय ते जिवंत उरलं होतं. वाफ्याच्या कडेला बसून त्या ढसाढसा रडल्या.

आणि रडता रडता थबकल्या. तो मेला घड्याळवाला खरंच चोर असला तर?

जन्मात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आपला आळ खरा निघू दे. तशाच मातीच्या हातांनी त्या काकांच्या दुकानात शिरल्या. काका डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात डोकं खुपसून बसले होते. मावशींनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"आता खरं सांगा. तुम्ही माझे टोमॅटो चोरलेत की नाही?"

इतकी वर्षं सांभाळलेली अब्रू अशी भर दुकानात सोडायची म्हणजे काही खायचं काम नव्हे. शेवटी काकांनी भिंग काढलं, खण ओढला आणि बारीक स्क्रूंच्या डब्यांमागून एक डबी पुढे ठेवली. आत वाळलेलं बी होतं.

"दरसाल एकच घ्यायचो," ते खाली बघत म्हणाले. "फळ खायचो, बी ठेवायचो. लावायची मात्र कधी छाती झाली नाही. उगवलं की पकडला गेलो असतो."

मावशींना हसूही आलं आणि रडूही. चोर तो चोरच, एवढं सुनावायला त्या विसरल्या नाहीत. मग अर्धं बी रुमालात बांधलं आणि अर्धं डबीतच ठेवून डबी परत सरकवली.

"लावा आता उघडउघड. एकाच घरात ठेवलं की काय होतं, ते बघितलं मी."