चालत वाजवलेली गाणी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाला दाखवायचं नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागलंच तर सांभाळून घ्यावं.

पोराचे बाबा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. पोरगा वरोऱ्याला कामाला असताना गिटार शिकून आला. म्हणाला, "बाबा, तुमच्या बँडचे बाजे न माही गिटार, दोन्ही जमवू. आपल्याच गान्यांचा अल्बम काढू. रॉक."

"रॉक म्हंजे काय रे?"

"जोरात वाजवाचं."

"मंग तं मी जनमभर रॉकच करून राह्यलो!"

खर्चाला पैसे नव्हते. बचत गटाच्या बैठकीत मी दाराजवळ बसून सही करण्यापलीकडे कधी काही केलं नव्हतं. त्या दिवशी उभी राहिले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बकऱ्या घेतल्या तं दूध देतेत. गाने काय देईन वो बाई?" "परत करीन," एवढंच बोलले. कर्ज मिळालं. माझ्यामागे शेजारच्या बाईचा नंबर होता, शिलाई मशीनसाठी. माझे पैसे परत आल्याशिवाय तिला मिळणार नव्हते.

चंद्रपूरच्या स्टुडिओत पहिल्याच दिवशी घोळ झाला. पोराचे बाबा आणि त्यांच्या बँडमधले सॅक्सोफोनवाले भाऊ जागेवर उभे राहून वाजवायला लागले की ताल सुटायचा. आयुष्यभर वरातीपुढे चालत वाजवलेलं. पाय थांबले की फुंकही अडखळायची. शेवटी सिंदेवाहीजवळ धानाचं एक रिकामं गोदाम मिळालं. एका बाजूला माइक ठेवला, गिटार आणि ड्रम तिथेच, आणि बाजेवाले गोदामभर गोल फिरत वाजवू लागले. मी डबा घेऊन माइकजवळच पोत्यावर बसले होते. समोरून जाताना दर वेळी पोराचे बाबा माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. या वयात! मी पदर तोंडाला लावून हसत होते.

अल्बम मोबाइलवर आला. पोरगा लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायचा. "बाजे भन्नाट," असं कोणी लिहिलं होतं. काही ओळी तो गाळायचा, पण तेवढं मलाही वाचता येतं. "आवाज येतो आणि जातो, रेकॉर्डिंग बिघडलेलं आहे," असंही होतं.

बैठकीत बायांनी ऐकायला मागितलं. मोबाइल मधे ठेवून सगळ्या मांडी घालून बसल्या. गाणं संपल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "वरात दारासमोर येते न निघून जाते. मांडवात काई पोचत नाई." सगळ्या हसल्या, मीही हसले. शेजारची बाई तेवढी हसली नाही.

एप्रिलमध्ये गावात जयंतीची मिरवणूक निघाली. निळे झेंडे घेऊन आम्ही बाया बँडच्या मागेच होतो. चौकातून पुढे निघाल्यावर पोराच्या बाबांनी आपणहून अल्बमातलं गाणं धरलं. पोरगा गाडीवरून गिटार वाजवत होता. आता आम्हीही चालत होतो, म्हणून गाणं दूर जाईना, आमच्यासोबतच राहिलं. अध्यक्षबाई पदर खोचून नाचायला लागल्या. धापा टाकत माझ्याजवळ आल्या.

"हे तेच गानं व्हय?"

मी मान डोलावली.

"मंग त्या दिवशी बसवून काऊन ऐकवलं वो आमाले?"

त्या मिरवणुकीचा व्हिडिओ चिमूरपर्यंत फिरला. मिरवणुकीला, मग लग्नाला, "तेच गाने वाजवा" म्हणून बोलावणी येऊ लागली. पोरगा थोडा खट्टू आहे. लोकांनी शांत बसून ऐकावं असं त्याच्या मनात होतं. मी मात्र शेतावर जाताना मोबाइल कमरेला खोचून ऐकते. ट्रम्पेट जवळ आली की भुवया आठवतात.

बोलावण्यांचे पैसे मिळतील तसे हप्ते भरत गेले. परवाच्या बैठकीत शेवटचा हप्ता दिला. अध्यक्षबाईंनी आधीच्या हप्त्यांसकट नोटा मोजल्या आणि तिथल्या तिथे शेजारच्या बाईच्या हातात ठेवल्या. "घे वो, मशीन आन. हिचं सगळं फिटलं."